रोशाचे तेल आणि घरातील जयणा

सातपुड्याच्या पायथ्याशी, खानदेशातून निमाडकडे जाणाऱ्या डोंगरउतारांवर, पावसाळा सरत आला की एक उंच गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे तुरे हळूहळू तांबूस होतात आणि पान चुरगळले तर गुलाबासारखा, पण त्याहून किंचित तिखट असा वास बोटांना चिकटून राहतो. या गवताचे नाव रोशा. त्याचे तेल जुन्या खानदेशी घरांत गुडघे चोळण्यासाठी ठेवलेले असे. आज तेच तेल शहरातील दुकानांत इवल्याशा तपकिरी बाटलीतून ‘पामारोझा’ या नावाने मिळते आणि त्वचेसाठी, केसांसाठी, फरशी पुसण्यासाठी, डास पळवण्यासाठी, अशा सर्वच कामांसाठी त्याची शिफारस होते. नाव बदलले की वस्तू नवी होते, हा बाजाराचा जुनाच रिवाज आहे.

या गवताच्या दोन जाती आहेत. कोरड्या, उघड्या उतारावर वाढते ती मोतिया. ओलसर, सावलीच्या जागी वाढते ती सोफिया. दिसायला दोन्ही सारख्याच. फरक कळतो तो नाकाला. गुलाबी वासाचे, किमती तेल मोतियाचे. वनस्पतिशास्त्रात या गवताला जे ‘मार्टिनी’ हे नाव आहे, ते लखनौच्या ला मार्टिनियर शाळेचे संस्थापक जनरल क्लॉड मार्टिन यांच्यावरून पडले. टिपू सुलतानाशी चाललेल्या लढाईत फौजेबरोबर असताना त्यांच्या पाहण्यात हे गवत आले. इतक्या उग्र वासाचे गवत असूनही गुरे ते आवडीने खातात, याचे त्यांना नवल वाटले व त्यांनी त्याचे बी जमवले. युद्धाच्या धामधुमीत गवताकडे पाहण्याची सवड काढणारा माणूस दुर्मिळच म्हणायचा.

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानकडे जाई. तिथे ते ‘इंडियन जिरेनियम ऑइल’ म्हणून ओळखले जाई आणि त्याचा मुख्य उपयोग होता गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्याचा. पुढे युरोपात त्याच तेलाला ‘टर्किश जिरेनियम ऑइल’ असे नाव पडले. म्हणजे गवत खानदेश-निमाडचे, नाव तुर्कस्तानचे आणि सुगंध विकला गेला तो गुलाबाचा म्हणून. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या गवताच्या तेलातून त्याचा मुख्य सुगंधी घटक वेगळा काढला आणि त्याला ‘जिरॅनिऑल’ असे नाव दिले. उत्तम मोतिया तेलात या घटकाचे प्रमाण बहुधा ७५ टक्क्यांच्या पुढे असते. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मधमाशा आपल्या सोबतिणींना वाट दाखवण्यासाठी शरीरातील एका ग्रंथीतून जो गंध सोडतात, त्यातही जिरॅनिऑल असते. ज्या गंधाने मधमाशी बोलावली जाते, त्याच गंधाने डास दूर सरतो. निसर्गात एकच शब्द दोघांना दोन अर्थांनी ऐकू येतो.

जळगावातील एका ओसवाल घरात हे तेल आले ते मात्र शास्त्राच्या किंवा सौंदर्याच्या कुतूहलाने नव्हे. ते आले एका अबोल्यातून.

त्या घरातील सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. वीस वर्षांपूर्वी एका चातुर्मासात त्यांनी साध्वीजींकडून श्रावकाची बारा व्रते घेतली आणि तेव्हापासून घराची शिस्त त्या व्रतांभोवती बसलेली. सकाळी चूल पेटवण्यापूर्वी पूंजणी फिरवायची, पाणी गाळून जिवाणी जपून सोडायची, रात्री उघडे भांडे ठेवायचे नाही. मोरीत पाणी साचू द्यायचे नाही, कारण साचलेल्या ओलीत अंतर्मुहूर्तात जीवोत्पत्ती होते आणि शेवाळावर पाय पडला तर अनंतकायाची विराधना. झुरळ दिसले तर सुपलीत घेऊन बाहेर. फवारा, खडू, वडी यांपैकी काहीही घरात आणायचे नाही. सूनबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनीही हे सारे मनापासून उचलले. त्या स्वतः एका शाळेत विज्ञान शिकवतात. कोरड्या मोरीत शेवाळ आणि बुरशी वाढत नाही, हे त्यांना पाठ्यपुस्तकाने शिकवले होते, सासूबाईंना आगमाने. दोघींचे त्यात कधी भांडण झाले नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात सात वर्षांच्या नातवाला डेंग्यू झाला. पाच दिवस दवाखान्यात काढले. प्लेटलेटचे आकडे रोज सकाळी खाली येत होते आणि घरातील प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहणे टाळत होता. सहाव्या दिवशी आकडा वर चढू लागला. मुलगा घरी आला, आणि त्याच संध्याकाळी सूनबाईंनी वाटेत थांबून डास मारण्याचे विजेवरचे यंत्र आणि एक फवारा विकत आणला.

सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त आपली गादी त्या खोलीतून उचलून ओसरीवर नेली. पंधरा दिवस त्या तिथेच झोपल्या. अखेर एके रात्री सूनबाईच बाहेर येऊन शेजारी बसल्या.

“आई, तुमचं व्रत मोडावं असं माझ्या मनातही नाही. पण मला माझं मूल हवंय.”

“व्रत माझं आहे गं,” सासूबाई म्हणाल्या, “आणि ताप त्याला आला. हेच तर मला झोपू देत नाही.”

या वाक्यात जो पेच आहे, तो पोथीत सहज सुटतो. घरात सुटत नाही. श्रावकाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. जाणूनबुजून त्रस जीवाला मारणे ही संकल्पी हिंसा गृहस्थाने सोडायचीच आहे. स्वयंपाक, झाडलोट, धुणे यांत जी अटळपणे घडते ती आरंभी. ती संपत नाही, कमी करता येते. स्वतःच्या वा आश्रिताच्या रक्षणासाठी घडते ती विरोधी. आता पलंगाखाली फवारा मारणाऱ्या आईचा हात यांतल्या कोणत्या रकान्यात लिहायचा? सूनबाई म्हणत, विरोधी. सासूबाई म्हणत, डास समोर चाल करून आलेला नसताना, उद्या येईल म्हणून आजच मारून ठेवणे यात संकल्प नाही तर काय आहे? दोघींचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते.

यावर तोडगा म्हणून शाळेतील एका सहकारी बाईंनी रोशाच्या तेलाची बाटली सुचवली. मारत नाही, पळवते, शिवाय नैसर्गिक, शिवाय त्वचेला उत्तम, शिवाय फरशीही चकचकीत. एका बाटलीत व्रत, मूल, कांती आणि स्वच्छता असे चारही प्रश्न सुटणार असतील तर कोण नको म्हणेल? सूनबाईंनी त्याच आठवड्यात दहा मिलिलीटरची बाटली आणली आणि झोपण्यापूर्वी मुलाच्या दोन्ही गालांवर, कानांमागे आणि पोटऱ्यांवर तेल तसेच, काहीही न मिसळता चोळले. सकाळी गाल लाल झालेले, बारीक पुरळ आणि खाज. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पाहिले, मलम लिहून दिले आणि शांतपणे विचारले, “मिरची नैसर्गिक असते ना? मग ती आपण गालाला लावतो का?”

या प्रश्नाने त्या घरात या तेलाचा खरा अभ्यास सुरू झाला. अभ्यासाची सूत्रे घेतली ती सासऱ्यांनी. आयुष्यभर दुकानाची खतावणी लिहिलेला हा माणूस; त्यांनी एक नवी वही घातली आणि पहिल्या पानावर ‘श्री’ काढून तेलाचा हिशोब मांडला. त्या हिशोबातील काही नोंदी इतरांनाही उपयोगी पडाव्यात अशा आहेत.

सुगंधी तेल हे खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखे तेलच नव्हे. खोबरेल घाण्यातून पिळून निघते, ते स्निग्ध असते आणि त्वचेवर राहते. सुगंधी तेल वाफेबरोबर उडून येते आणि उडूनच जाते. पूर्वी ओढ्याकाठी भट्टी लावत. मोठ्या हंड्यात गवत व पाणी घालून खालून जाळ करायचा, हंड्याच्या तोंडातून निघालेली बांबूची नळी ओढ्याच्या गार पाण्यात बुडवलेल्या भांड्यात सोडायची. वाफ थंड होऊन पाणी होई, आणि पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगे. आज स्टीलचे बॉयलर आले, तत्त्व तेच. शंभर किलो ताज्या गवतामागे तेल मिळते ते अर्ध्या किलोच्या आसपास. दहा मिलिलीटर तेलाचे वजन साधारण नऊ ग्रॅम. म्हणजे त्या बोटभर बाटलीत पावणेदोन-दोन किलो गवताचा अर्क आहे. इतका घट्ट अर्क मुलाच्या गालावर चोळणे म्हणजे कढईभर फोडणी एका घासात खाण्यासारखे आहे.

म्हणून पातळ करणे आले. दहा मिलिलीटरच्या बाटलीत साधारण दोनशे थेंब असतात, म्हणजे एका मिलिलीटरचे वीस. अंगाला लावण्यासाठी एक टक्का प्रमाण पुरे झाले. तीस मिलिलीटर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात सहा थेंब, एवढाच त्याचा अर्थ. चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मे, तीन थेंब. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहायची. लाली, खाज काही आले नाही तरच पुढे जायचे. लहान मुलांच्या चेहऱ्याला आणि हातांना तर लावूच नये, कारण हात डोळ्यांत आणि तोंडात जातात. ज्यांची त्वचा आधीच चिरलेली वा इसबाची आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज या वाटेला जाऊ नये. युरोपीय संघाने २००३ साली सुगंधी द्रव्यांतील ज्या २६ घटकांची नावे प्रसाधनांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक ठरवले, त्यांत जिरॅनिऑल आहे. काही लोकांना त्याची ॲलर्जी होते म्हणून. त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनात हे प्रमाण ०.००१ टक्क्यापेक्षा अधिक असेल तर नाव छापावेच लागते. गवतातून आले की कारखान्यातून, हा भेद त्या नियमात नाही. त्वचेलाही तो कळत नाही.

सासूबाईंच्या हातांचा प्रश्न वेगळा होता. वर्षानुवर्षे भांड्यांच्या पावडरीत हात घालून त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. नव्या मिश्रणाने त्या महिनाभरात भरल्या, तेव्हा सारे श्रेय रोशाला मिळाले. वही मात्र निष्पक्ष होती. त्याच महिन्यात भांडी घासण्यासाठी रिठ्याचे पाणी आले होते आणि रात्री झोपताना हातांना तिळाचे तेल लागू लागले होते. भेगा भरल्या त्या मुख्यतः या दोन गोष्टींनी. सहा थेंबांनी त्याला सुवास दिला. सुवास ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सुवासामुळेच सासूबाई रोज आठवणीने तेल लावत होत्या. पण श्रेयाची विभागणी खरी असावी.

फरशीचेही तसेच. सूनबाई प्रथम बादलीभर पाण्यात तेलाचे दहा थेंब टाकून पुसू लागल्या. तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगते आणि पहिल्याच पिळ्याला फडक्यासह निघून येते. एका खोलीला घमघमाट, उरलेल्या तीन खोल्यांना नुसते पाणी. सासऱ्यांनी गुणाकार केला: दहा थेंब म्हणजे अर्धा मिलिलीटर, बादलीत पाणी दहा लिटर, म्हणजे प्रमाण ०.००५ टक्का. प्रयोगशाळेत हे तेल ज्या प्रमाणात जंतूंची वाढ रोखते, त्याच्या जवळपासही हे जात नाही. तेव्हा ‘जंतुनाशक’ हा शब्द वहीतून खोडला गेला. फरशी स्वच्छ होते ती घासण्याने, साबणाने किंवा रिठ्याने, आणि नंतर कोरडी ठेवल्याने. आता रिठ्याच्या वाटीभर फेसाळ पाण्यात तेल आधी नीट घुसळून मग ते बादलीत घालतात. त्यामुळे वास सर्वत्र सारखा पसरतो. उग्र वासाच्या फिनाईलपेक्षा तो सुखद आहे, इतकेच त्याचे काम, आणि तेवढे पुरेसे आहे. ज्या दिवशी घरात कोणी आजारी असते, उलटी-जुलाब असतात, त्या दिवशी मात्र सुवासावर विसंबून राहायचे नाही, असा सूनबाईंचा आग्रह आहे. त्या दिवशी गरम पाणी आणि योग्य ते जंतुनाशक वापरले जाते, आणि सासूबाई त्याला हरकत घेत नाहीत.

मुंग्यांच्या बाबतीत हे तेल खरोखर उपयोगी ठरले. मुंग्या गंधाच्या रेषेवरून चालतात. ओट्याच्या कडेने ती रेषा ओल्या फडक्याने पुसून तिथे रिठ्याच्या पाण्यात मिसळलेले तेल पुसट लावले तर मुंग्या वाट बदलतात. पण त्या रांगेत असताना लावायचे नाही. घट्ट तेलाचा थेंब मुंगीवर पडला तर ती मरतेच. ‘मारत नाही, पळवते’ हे वाक्य प्रमाणावर अवलंबून आहे. म्हणून आधी पूंजणीने वाट मोकळी करायची, साखर-गुळाचे सांडलेले कण उचलायचे आणि मगच फडके. सासूबाईंनी हे ऐकले तेव्हा त्या हसल्या. “म्हणजे पूंजणी पहिली. मग बाटलीचं एवढं काय कौतुक?”

आणि डास? ज्यासाठी हा सारा खटाटोप, तिथेच तेल सर्वांत तोकडे पडले. सुगंध उडतो तसा त्याचा प्रभावही उडतो. एखाद-दोन तासांत पुन्हा लावावे लागते. डेंग्यूचा डास एडिस, तो चावतो दिवसा. मूल शाळेत, अंगणात, शिकवणीला असते तेव्हा. रात्री उशाशी ठेवलेल्या सुगंधी कापसाने त्याचे काही बिघडत नाही. हे सूनबाईंना समजले तेव्हा त्या पुन्हा यंत्राकडे वळणार होत्या. पण या खेपेस सासूबाईच पुढे झाल्या.

एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो आणि अनुकूल हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, हे नातवाच्या आजारपणात दवाखान्याच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यावर त्यांनी वाचले होते. पाच दिवसांत तो तक्ता त्यांना पाठ झाला होता. त्यांचा विचार सरळ होता. अळ्या झाल्यावर टाकी ओतणे म्हणजे हजार जीवांचा घात. अंडीच पडू दिली नाहीत तर घात कुणाचाच नाही. मग त्यांनी घराचा एकेक कोपरा धुंडाळला. गच्चीवरील टाकीचे झाकण तडकलेले निघाले. त्यावर दुहेरी कापड ताणून सुतळीने बांधले. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकल्या. कूलर दिवाळीपर्यंत तसाच उभा असे. तो आषाढातच पुसून कोरडा करून ठेवला. फ्रिजच्या मागे पाणी साठणारी एक ताटली असते, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. ती त्यांनी शोधली. मागील बोळातील शेजाऱ्यांच्या रिकाम्या टायरसाठी त्या स्वतः जाऊन बोलल्या. खिडक्यांना जाळ्या बसल्या, मुलाला दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी आली, शाळेला पूर्ण बाह्यांचा सदरा. शनिवार हा कोरडा दिवस ठरला. पाणी भरून ठेवायची सर्व भांडी त्या दिवशी रिकामी करून, पुसून, उन्हात पालथी घालायची. साठ वर्षे ज्या बाईने पाणी गाळले, तिला यात नवे काही शिकायचे नव्हते. फक्त तेच गाळणे घराबाहेर न्यायचे होते.

त्या वर्षी यंत्र कपाटात गेले. फवारा मात्र सूनबाईंनी टाकला नाही. तो वरच्या फळीवर आहे, हे दोघींना माहीत आहे, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. पुढच्या भाद्रपदात गल्लीत दोन रुग्ण निघाले आणि महानगरपालिकेचे लोक धुराचे यंत्र घेऊन दारात आले, तेव्हा सूनबाई शाळेत होत्या. सासूबाई दारात एकट्या उभ्या. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, मग नातवाची अंथरुणे आत नेली, स्वयंपाकाची भांडी झाकली आणि बाजूला होऊन दार उघडे ठेवले. त्या संध्याकाळच्या प्रतिक्रमणात त्या नेहमीपेक्षा बराच वेळ बसून होत्या. सूनबाईंना हे कळले ते दोन दिवसांनी, शेजारणीकडून.

आता राहिला एक प्रश्न, जो सासूबाईंनीच उपस्थित केला होता आणि ज्याचे उत्तर बाटलीच्या वेष्टनावर नव्हते. तेलासाठी गवत कापले जाते, अग्नी पेटतो, पाणी उकळते. वनस्पतिकाय, अग्निकाय, अप्काय, सर्वांची विराधना आहेच. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, तसे यंत्रपीडनही आहे. मग फवारा सोडून तेल घेतले, म्हणजे त्रसाची हिंसा सोडून स्थावराची घेतली एवढेच का? गृहस्थाला स्थावराची हिंसा सर्वथा सुटत नाही, हे खरे. पण सुटत नाही म्हणून मोजू नये, असे कोणी सांगितलेले नाही. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा आहे. वाणिज्यग्रामातील हा कोट्यधीश गृहस्थ भगवान महावीरांकडे व्रते घेतो तेव्हा उपभोग-परिभोगाचे परिमाण किती बारकाईने करतो! दातवणाला ओल्या ज्येष्ठमधाची काडी, स्नानाला आठ घडे पाणी, उटण्याला सुगंधी गव्हाचे पीठ आणि अभ्यंगाला शतपाक व सहस्रपाक ही दोन तेले. बाकी सर्व तेलांचा त्याग. त्वचेची निगा आणि सुगंध यांचा विचार आगमात आहे, आणि तो त्याज्य म्हणून नव्हे, मोजलेला म्हणून आहे.

सासूबाईंनी या आधारावर घराचे माप ठरवले. वर्षाला दोन बाटल्या, म्हणजे वीस मिलिलीटर, म्हणजे सुमारे चार किलो गवत. दिवसाला एखादा थेंब. तो हातांच्या तेलात जावा, फरशीच्या पाण्यात जावा की ओट्याच्या फडक्यावर, हे सूनबाईंनी ठरवायचे. पर्युषणाच्या आठ दिवसांत बाटली बंद. बाजारात आज चहाच्या झाडाचे, उद्या लव्हेंडरचे, परवा आणखी कशाचे तेल येते. दर महिन्याला नवी बाटली आणण्याचा मोह सुशिक्षित घरांतच अधिक दिसतो, आणि तिथे ‘नैसर्गिक’ हा शब्द मर्यादा विसरायला लावतो. या घरात तो मोह वहीतील एका ओळीने थांबला.

सासऱ्यांच्या वहीत खरेदीच्याही दोन नोंदी आहेत. कोऱ्या टीपकागदावर तेलाचा थेंब टाकून ठेवावा. काही तासांनी तेलकट डाग उरला तर त्यात खोबरेल वा तत्सम जड तेल मिसळलेले आहे, असे समजावे. मात्र डाग उरला नाही म्हणजे तेल शुद्ध, असे सिद्ध होत नाही. कारखान्यात बनलेले जिरॅनिऑलही तसेच उडून जाते. ज्या तेलाने एकेकाळी गुलाबाच्या अत्तरात भेसळ केली, त्याच्यातच आता भेसळ होते, हा काळाचा हिशोब. बाटली गडद काचेची असावी, घट्ट बुचाची, उन्हापासून व शेगडीपासून दूर. हवा लागून जुने झालेले तेल त्वचेला अधिक बाधते. म्हणून बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी. आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी. निलगिरीचे तेल किंवा कापूर यांचे थोडेसे प्रमाणही लहान मुलाच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. रोशाचे तेल तितके घातक नसले तरी सुगंधी तेलांना एकच फळी असावी, सर्वांत वरची.

त्या फळीवर आज तीन वस्तू आहेत. डावीकडे तपकिरी बाटली, तिच्यावर सासऱ्यांच्या अक्षरात तारीख. तिच्यामागे तो फवारा, न उघडलेला. आणि उजवीकडे तिळाच्या तेलाचा शिसा, ज्यातील सहा थेंबांचा वास रात्री दिवे मालवताना सासूबाईंच्या हातांना येतो. नातू आता नऊ वर्षांचा झाला आहे. दर शनिवारी गच्चीवर भांडी पालथी घालण्याचे काम त्याच्याकडे आहे, आणि टाकीवरचे कापड सैल झाले तर आजीला हाक मारण्याचेही.